उत्तर कोकणातील स्मारकशिला आणि जुन्या कबरी

गतवर्षीच्या संमेलनप्रसंगी आपल्या मंडळाच्या चिटणीसांनी प्रस्तुत लेखकावर एक जोखमीची कामगिरी सोपविली. आपल्या ज्ञातीतील काही घराण्यांचे मूळपुरुष शिलाहारकाली वा यादवकाली रणांगणी पडले व त्यांची स्मारके वीरगळांच्या रूपाने गावोगावी उभी आहेत, अशी समजूत अनेक कुटुंबांत वडिलांपासून चालत आली आहे. त्या स्मारकांचा शोध घेऊन 'आपल्या कुळांचा शिलाबद्ध इतिहास' या मथळ्याचा एक लेख स्मरणिकेसाठी सिद्ध करावा, अशी त्यांची प्रेमळ आज्ञा होती. वर्षभरात सवड मिळेल तसतशी ठाण्यापासून मुरूडपर्यंत पायपीट झाली. जे हाती लागले ते मात्र दिलेल्या मथळ्यात मावेना; म्हणून मथळा बदलावा लागला. चिटणीसांनी तो बदल मोठ्या मनाने मान्य केला.

या कामगिरीमागे आमच्या आजोळचे एक प्रकरण होते, तेही प्रथमच सांगून टाकणे बरे. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या त्या गावी ग्रामदेवतेच्या देवळात एक वीरगळ उभा आहे. दसऱ्यास त्यापुढे पहिला नारळ कोणी वाढवावा, यावरून गावात तीन भावक्यांचा वाद आहे. त्यांपैकी एक भावकी आपल्या ज्ञातीची, म्हणजे माझ्या मामांची. "भाचेबुवा, हा आपला मूळपुरुष. यादवांच्या फौजेतला सरदार होता. तुम्ही एवढे छापून आणा, म्हणजे मानाचा प्रश्न कायमचा मिटला," असे मामा मला दर भेटीत सांगत. छापील लेख म्हणजे पुरावा, ही आपल्याकडची दृढ समजूत. ती ध्यानी ठेवूनच पुढील मजकूर लिहिला आहे. वाचकांनीही त्याच सावधपणे तो वाचावा, अशी विनंती आहे.

आपण मृतांना अग्नी देणारे लोक. अस्थी नदीत वा समुद्रात सोडल्या, तेरावा झाला, की मृताचे स्थान म्हणून भूमीवर काही उरत नाही. ज्या समाजांत दफनाची चाल आहे त्यांचा इतिहास दफनभूमीत शोधता येतो. आपला तसा शोधता येत नाही. सामान्य गृहस्थ, मग तो कितीही धनाढ्य असो, शिळेवर आला नाही. शिळेचा मान मिळाला तो मुख्यत्वे तिघांना: लढाईत पडलेला वीर, पतीबरोबर चितेवर गेलेली स्त्री, आणि समाधिस्थ झालेला साधुपुरुष. पुढे राजे व सरदार यांच्या दहनस्थानी छत्र्या आणि समाध्या बांधण्याची रीत रूढ झाली. अलिबागेस कान्होजी आंग्रे यांची समाधी आहे, ती याच प्रकारची. १७२९ साली हा दर्यावर्दी निवर्तला. इंग्रज, पोर्तुगीज व सिद्दी या तिघांशी आयुष्यभर झुंजलेल्या या पुरुषाच्या समाधीभोवती त्याच्या घराण्यातील इतरांचीही स्मारके आहेत. १८४० साली आंग्र्यांचे संस्थान इंग्रजांनी खालसा केले. घराण्याची खूण म्हणून उरले ते हे दगडकाम. पण अशी स्मारके थोरांची. ज्याच्या नावे बखर नाही, सनद नाही, अशा माणसाची खूण पाहावयाची तर वीरगळाकडेच जावे लागते.

'गळ' हा शब्द कानडी 'कल्' म्हणजे दगड यावरून आला. कर्नाटकात यालाच वीरकल्लू म्हणतात. वीरगळ वाचावयाचा तो खालून वर. अगदी खालच्या चौकटीत वीर पडलेला असतो, पुष्कळदा त्याच्या बाजूस गाई कोरलेल्या असतात. दुसऱ्या चौकटीत लढाई. तिसरीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेत आहेत. सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे, शेजारी पुजारी आहे. माथ्यावर कलश, आणि त्याच्या अंगास सूर्य व चंद्र. सूर्यचंद्र असेतो या पुरुषाची कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. ज्याला अक्षर ठाऊक नाही त्यालाही वाचता यावी अशी ही लिपी होय. गाई कोरल्या असतील तर शत्रूने वा दरोडेखोरांनी हाकून नेलेले गोधन सोडविताना हा मनुष्य पडला, असे समजावे. मध्ययुगातील खेड्याला गुरे हीच दौलत होती, आणि तिच्यावरील धाडीचा उल्लेख राजांच्या ताम्रपटांत कोठून यावा?

उत्तर कोकणातील सर्वांत नामांकित वीरगळ बोरिवलीच्या पश्चिमेस एक्सर गावी आहेत. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये त्यांचे सविस्तर वर्णन आले आहे. तळ्याकाठच्या आंबराईत त्या वेळी सहा शिळा ओळीने उभ्या होत्या. त्यांतील मोठ्या शिळा सुमारे दहा फूट उंच व तीन फूट रुंद. माथ्यावर भलेमोठे कलश आणि हार घेऊन उतरणाऱ्या आकाशस्थ आकृती, आणि खाली पट्ट्यापट्ट्यांनी कोरलेली युद्धे. आता आंबराईच्या जागी शहराची वस्ती दाटली आहे. आम्ही गेलो त्या दिवशी शिळांपुढे उदबत्ती जळत होती आणि फुले वाहिलेली होती. प्रथम माझ्या मनात आले, की शेंदूर व तेल यांनी कोरीवकाम बुजते, याला आवर घातला पाहिजे. मग ध्यानात आले, की या शिळा आजवर फोडून कोणाच्या जोत्यात गेल्या नाहीत त्या या उदबत्तीमुळेच. पुराणवस्तूंचे रक्षण करणाऱ्या भाविकाला विद्वानाने नावे ठेवणे शोभत नाही.

या शिळांचे वैशिष्ट्य असे, की त्यांवर समुद्रावरील लढाई कोरलेली आहे. उंच नाळेची गलबते, त्यांच्या अंगाने वल्ह्यांची रांग, वल्ही मारणारी माणसे, आणि वर शस्त्रे उगारलेले योद्धे. देशावरील शेकडो वीरगळांत घोडा आणि हत्ती सापडतात. आरमार सापडावयाचे ते येथे. अभ्यासकांपैकी अनेकांनी हा प्रसंग शिलाहार राजा सोमेश्वर व देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्या संग्रामाशी जोडला आहे. महादेवाने १२६१ ते १२७१ या काळात राज्य केले, आणि उत्तर कोकणच्या शिलाहारांचा अंत सुमारे १२६५ साली झाला. महादेवाचा मंत्री हेमाद्री याने आपल्या ग्रंथातील प्रशस्तीत सोमेश्वराच्या अंताचा उल्लेख केला आहे. जमिनीवर हार खाल्लेला सोमेश्वर समुद्राचा आश्रय करून राहिला आणि तेथेच बुडाला. महादेवाच्या क्रोधापेक्षा समुद्रातील वडवानल त्याला सुसह्य वाटला, असा हेमाद्रीच्या वर्णनाचा आशय आहे. विजेत्याच्या पदरी असलेल्या पंडिताने पराभूताविषयी लिहिलेले हे काव्य होय. उपहास त्यात स्पष्ट आहे.

आता एक्सरच्या शिळेपुढे उभे राहून हेमाद्रीची ही प्रशस्ती आठवावी. प्रशस्तीत दोन माणसे आहेत, एक जिंकलेला राजा आणि एक बुडालेला राजा. शिळेवर गलबतात बसलेली ओळच्या ओळ माणसे आहेत. कोणी वल्ह्यावर वाकला आहे, कोणी पाण्यात पडतो आहे. हे वल्हेकरी कोण होते? समुद्रकाठच्या कोळ्यांपैकी? भंडाऱ्यांपैकी? आगरी? की भाड्याने आणलेले परमुलखातील खलाशी? ठाणे व मुंबई या भागातील निरनिराळ्या ज्ञातींच्या मंडळींनी या शिळांशी आपले नाते सांगितलेले मी प्रत्यक्ष ऐकले आहे, आणि प्रत्येकाच्या स्वरात तितकाच विश्वास होता. शिळेवर मात्र मृत वीराचे नाव वाचता येईल असा लेख नाही. नावच नाही, तेथे आडनाव व ज्ञाती कोठली! सोमेश्वराशी जोडलेला संबंध हाही शैली व प्रसंग यांवरून केलेला तर्क आहे. कोणी या शिळा त्याहून जुन्याही मानल्या आहेत. मूर्तिकाराने माणसाचे शौर्य, त्याचे मरण व त्याचा देव एवढे नोंदविले आणि जात गाळली. त्याला ती गौण वाटली, की सर्वांना ठाऊकच होती म्हणून कोरावी असे वाटले नाही, हे आज कोण सांगणार? पण आपल्या कुळवृत्तांताच्या लेखकांनी ती मागाहून कोरू नये, एवढे म्हणण्याचा अधिकार मला आहे असे वाटते.

ज्यांना अक्षरे हवीत त्यांनी अलिबागजवळ आक्षी येथे जावे. तेथील शिळा मृताचे स्मारक नव्हे, तो दानलेख आहे. पण माथ्यावर सूर्यचंद्र आहेत, आणि दान मोडणाऱ्यास दिलेली गाढवाची शिवी चित्ररूपाने कोरण्याच्या शिलाहारकालीन प्रघातामुळे अशा शिळांना गधेगळ म्हणतात. केसिदेव राजाच्या कारकीर्दीतील हा मराठी लेख डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा वाचला. त्या वाचनानुसार तो श्रवणबेळगोळच्या सुप्रसिद्ध लेखाच्याही आधीचा ठरतो. कालवाचनाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. वीरगळ मुका आणि गधेगळ बोलका, एवढा भेद येथे पुरे.

सतीशिळांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. कारण आपल्या मंडळाच्या भगिनी हा अंक वाचतील. कोपरात वाकवून वर उभारलेला स्त्रीचा हात, मनगटात बांगड्या, तळहात पुढे. कधी शेजारी पतीची प्रतिमा, वर सूर्यचंद्र. बांगडी फुटलेली नाही, म्हणजे ती सौभाग्यासह गेली, हे या हाताने सांगावयाचे असते. जुन्या स्मरणिकांतून या शिळांचे गौरवाने वर्णन करण्याची चाल होती. मला ती चाल पुढे चालविता येत नाही. ज्या काळात स्त्रीचे नाव कोठेही नोंदले जात नव्हते, त्या काळात तिला दगड मिळाला तो जिवंत जळाल्याबद्दल, आणि त्या दगडावरही पुष्कळदा तिचा चेहरा नाही, नाव नाही, केवळ एक हात. १८२९ साली कंपनी सरकारने बंगाल इलाख्यात ही चाल बंद केली आणि लगोलग मुंबई इलाख्यातही तिला बंदी झाली. ठाण्यापासून मुरूडपर्यंत असे जे हात दिसले, त्यांपुढे नमस्कार केला, परंतु तो गौरवाचा नव्हता.

आक्षीपासून अलिबागच्या उत्तरेस नवगाव फार लांब नाही. या प्रवासात मला सर्वांत अधिक शिकविले ते या जागेने. बेने इस्राएल लोकांची परंपरा अशी, की त्यांचे पूर्वज ज्या गलबतातून येत होते ते नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. वाहून आलेली प्रेते किनाऱ्यावर पुरण्यात आली. ते दफनस्थान तेथे दाखविले जाते, आणि आता तेथे एक स्मारकस्तंभही उभा आहे. पण मूळच्या कबरी म्हणजे नुसते उंचवटे व दगड. त्यांवर अक्षर नाही. हे कधी घडले याविषयी इतिहासकारांचे एकमत नाही. कोणी ते इसवी सनापूर्वी नेतात, कोणी पुष्कळ अलीकडे आणतात. वाचलेल्यांचे ग्रंथही समुद्रात गेले, असे परंपरा सांगते. भाषा गेली, धर्मग्रंथ गेले, राहिला तो शनिवार. तेलाचा घाणा चालविणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून कुलाबा जिल्ह्यात त्यांना शनिवार तेली हे नाव पडले. पुढे कोणी डेव्हिड राहाबी नावाचा परदेशी स्वधर्मी आला. त्याने त्यांच्या स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले, आणि खवले व पर नसलेले मासे त्यांनी बाजूस सारलेले पाहून हे आपलेच लोक असे त्याने ओळखले, अशी कथा आहे. कोकणात माणसाची परीक्षा माशावरून व्हावी हे यथायोग्यच म्हणावयाचे.

यांच्याच पुढील काळातील दफनभूमींत जावे म्हणजे दगड बोलू लागतात. वर हिब्रू अक्षरे, खाली देवनागरीत मराठी मजकूर. आणि आडनावे पाहावीत: रोहेकर, पेणकर, दिवेकर, किहीमकर, नवगावकर, चेऊलकर. गावाच्या नावावरून आडनाव, ही आपलीच रीत. परक्या किनाऱ्यावर आलेल्यांनी जी माती आपली म्हटली तिचा हा नकाशा होय. केवळ या आडनावांवरून अष्टागर व त्याच्या आसपासची गावे एका कागदावर मांडता येतील. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली इंग्रजीत लिहून ठेवला. तो ग्रंथरूपाने तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला १९३७ साली. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यानंतर यांतील बहुतेक कुटुंबे तिकडे गेली, आणि तेथेही त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले. कोकणातील त्यांच्या दफनभूमींत आता नव्या कबरी क्वचितच होतात.

एक गोष्ट मला तेथे विशेष जाणवली. या समाजाने आपल्या मूळपुरुषांच्या कबरींवर मागाहून नावे कोरली नाहीत. सात पुरुष, सात स्त्रिया एवढेच म्हटले, आणि उंचवट्यांना उंचवटेच राहू दिले. ज्यांची नावे ठाऊक नाहीत त्यांना नावे न देण्याचा हा संयम मी टिपून घेतला.

मुरूडनजीक खोकरी येथे सिद्द्यांचे तीन मकबरे आहेत, त्यांपैकी सिद्दी सुरूलखानाचा सर्वांत मोठा. दुसरा सिद्दी कासीम ऊर्फ याकुतखान याचा. १६८९-९० साली मुंबई बेटावर उतरून इंग्रजांना किल्ल्यात कोंडणारा तो हाच. तिसरा सिद्दी खैर्यतखानाचा. आफ्रिकेतील हबसाणातून आलेल्या या लोकांनी पश्चिम किनाऱ्यावर राज्य केले आणि ते येथेच मातीआड झाले. शिवछत्रपती व संभाजी महाराज यांच्या आरमाराशी त्यांचे जे वैर होते ते आपण शाळेत शिकलो. खोकरीची जाळीदार कमान आणि नक्षी पाहताना ते वैर विसरावे असे कोणी म्हणणार नाही. पण या लोकांनी परतीची वाट धरली नव्हती, ही गोष्ट शाळेत कोणी सांगितली नव्हती.

वसईची गोष्ट उलट आहे. १५३४ साली पोर्तुगीजांच्या हाती आलेली वसई चिमाजी अप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात घेतली. किल्ल्यातील पडक्या चर्चच्या जमिनीत थडग्यांच्या फरशा बसविलेल्या आहेत. त्यांवर घराण्यांची चिन्हे व पोर्तुगीज मजकूर आहे. गोव्याचे विद्वान डॉ. जे. जर्सन द कुन्हा यांनी चौल व वसई यांवरील आपल्या १८७६ च्या ग्रंथात यांची दखल घेतली. पोर्तुगीज थडग्यांवरील मजकुराची रूढ धाटणी अशी असे: ही कबर अमक्याची व त्याच्या वारसांची. हे मला कोणी तरी समजावून सांगितले तेव्हा मी थोडा वेळ तेथेच बसून राहिलो. दोनशे वर्षे राज्य केलेल्या या सरदारांनी पुढील पिढ्यांची जागासुद्धा आधीच राखून ठेविली होती. वसई पडली, तहाच्या अटींप्रमाणे गढीतील लोक सन्मानाने निघून गेले, आणि वारसांची जागा रिकामी राहिली. त्या चर्चला आता छप्पर नाही. पावसाळ्यात फरशांवर शेवाळ चढते. वसईच्या आसपासच्या गावांतील देशी ख्रिस्ती शेतकरी मात्र कोठेच गेले नाहीत. त्यांच्या कबरींवर घराण्याची चिन्हे नाहीत, पण फुले ताजी असतात.

मुंबईविषयी विस्तार करीत नाही. सोनापूर हे नाव मुंबईकरांच्या तोंडी स्मशानाचाच पर्याय होऊन बसले आहे, यातच त्या शहराचा थोडा इतिहास आला. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत बोरीबंदर स्थानकाचे शिल्पकार स्टीव्हन्स (मृत्यू १९००) व गेटवे ऑफ इंडियाचे शिल्पकार विटेट (मृत्यू १९२६) यांच्या कबरी आहेत; मंडळाच्या तरुण सभासदांनी एखाद्या रविवारी अवश्य पाहाव्यात. इंग्रजांच्या जुन्या कबरींवर मृताचे वय लिहिलेले असते. कोवळ्या वयाच्या सोजिरांच्या व तान्ह्या मुलांच्या कबरी वाचीत गेले, की हिवताप, पटकी व बाळंतरोग यांनी हे बेट एके काळी कसे पोखरले होते ते कळते. त्याच साथींत आपलीही माणसे मेली. ती किती होती व केवढ्या वयाची होती, हे सांगणारा आपला एकही दगड नाही.

मग आपले काय उरले? दगड नाही, पण कागद आहे, आणि त्याकडे आपण दुर्लक्ष केले आहे. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पूर्वजांच्या यात्रांची नोंद आहे: गाव, आडनाव, आजा, पणजा, भाऊ, मुलगे, आणि कित्येकदा आलेल्या माणसाची मोडीतील सही. मामांच्या घराण्याची वही मी गेल्या माघ महिन्यात पाहिली. सात पिढ्यांची नावे तेथे सरळ मिळाली. ज्याला आम्ही सरदार समजत होतो त्याच्याविषयी तीत काही नाही. वहीचा आरंभच शिळेनंतर कित्येक शतकांनी होतो. पुरुषांची नावे आहेत. स्त्रियांची बहुधा सासरची, तीही सर्वांची नाहीत; माझ्या आजीच्या आजीचे नाव सापडले नाही. देवघरातील पूर्वजांचे टाक हेही आपले एक स्मारकच. चांदीच्या त्या पत्र्यावर नाव नसते, परंतु हा टाक कोणाचा ते घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीला ठाऊक असते, आणि बहुधा तिलाच ठाऊक असते. मंडळाने कुळवृत्तांताचे काम हाती घेतले आहे, त्यात या वृद्ध स्त्रियांच्या सांगण्याची नोंद प्रथम व्हावी, अशी सूचना मी कार्यकारी समितीस लेखी केली आहे. त्यांपैकी दोघी या वर्षातच निवर्तल्या.

आजोळच्या वीरगळाची हकीकत सांगावयाची राहिली. मी मापे घेण्यास बसलो तेव्हा असे दिसले, की शिळेच्या तीनच चौकटी जमिनीवर आहेत: शिवपूजा, अप्सरा आणि लढाई. लढाईच्या चौकटीत वीराच्या हाती ढाल व तलवार आहे, समोर दोघे जण आहेत. घोडा नाही, छत्र नाही. काही वर्षांपूर्वी देवळाचा जीर्णोद्धार होऊन फरशी बसविण्यात आली, त्या वेळी खालची चौकट फरशीखाली गेली असावी, हे उघड होते. फरशीची एक लादी काढावी असे मी सुचविले. तिन्ही भावक्यांची माणसे जमली. कोणाच्या हाताने लादी काढावयाची यावरून पुन्हा अर्धा तास गेला. अखेर गवंड्यास बोलाविले, तो परगावचा होता. लादी निघाली, खालची रेती काढली, पाणी ओतून ब्रशाने घासले. वीर आडवा पडला आहे. त्याच्या डोक्यापासून पायापर्यंत ओळीने गाई उभ्या आहेत.

जमलेल्यांना त्याचा अर्थ मी सांगितला. राजाच्या फौजेतील सरदार म्हणण्यास शिळेत आधार नाही. गावची गुरे कोणी हाकून नेली, हा त्यांच्या मागे गेला, आणि पडला. गुरे मात्र परतली असावीत, एरवी गावाने एवढा खर्च करून दगड कशाला उभा केला असता? तो कोणत्या भावकीचा होता हे मला सांगता आले नाही. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. गवळवाड्यातील एक म्हातारा मागे उभा होता, ज्याचा या वादाशी काही संबंध नव्हता व ज्याला मानही नव्हता. तो पुढे आला, खाली बसला आणि बोट ठेवून गाई मोजू लागला.

पहिल्या नारळाचा वाद अजून मिटलेला नाही. गेल्या दसऱ्यास तिन्ही भावक्यांनी आपापले नारळ निरनिराळ्या वेळी वाढविले, असे मामांचे पत्र आले. हा लेख छापण्यापूर्वी मी त्यांना वाचून दाखविला. "आता छापाच," एवढेच ते म्हणाले, आणि उठून चहा सांगावयास गेले. काढलेली लादी पुन्हा बसविलेली नाही. त्या चौकोनातून पाच गाई पुऱ्या दिसतात. सहावीचे तोंड तेवढे शिल्लक आहे, पाठ झिजून गेली आहे.